हातचा

चौतीस वर्षं मी नोटांचे ताव तपासले.
नाशिकरोडच्या प्रेसमध्ये, ट्यूबलाइटखाली,
शाई कुठे फिसकटलीय, आकडा कुठे सरकलाय
एवढंच बघायचं. किंमत बघायची नाही.
सुटताना गेटवर झडती,
आणि बाहेर आल्यावर पर्समध्ये बसभाड्याची चिल्लर.
शेजारणी म्हणायच्या, हिच्या हाताला पैशाचा वास असेल.
होता. रॉकेलसारखा.
भाकरी थापायच्या आधी मी लिंबू चोळायचे.

आठवायचं कारण,
हर्षल पाथर्डी फाट्यावरच्या फ्लॅटचे कागद घेऊन आलाय.
बेचाळीस पानं, बिल्डरचं नाव सोनेरी.
रोशनी ओट्यापाशी, चहा उतू जाईपर्यंत
पातेल्याकडे बघत उभी.
"आई, फक्त सही. हप्ता मीच भरणार.
तुझी पेन्शन दाखवली की बारा लाख जास्त बसतात."

फक्त.

मी चष्मा पुसला.
ताव धरायचे तसं एकेक पान उजेडाकडे धरलं.
"अगं, ही काय नोट आहे?" तो हसला.
अकराव्या पानावर मी सापडले:
सहकर्जदार, वय साठ.
खाली मुंगीएवढ्या अक्षरात,
एकाने न भरल्यास दुसऱ्याने, संपूर्ण.
मुदत पंधरा वर्षं.
साठ अधिक पंधरा. सरळ बेरीज, हातचाही येत नाही.

हे एकदा जामीन राहिले होते,
देवळालीगावच्या मित्राला.
मित्र चांगला होता. अजूनही आहे,
बाजारात भेटला की वाकून नमस्कार करतो.
सोसायटीने सहा वर्षं ह्यांच्या पगारातून कापून घेतले.
त्या सहा वर्षांत हर्षलला सायकल आली नाही.
त्याला अजून वाटतं, आई चिक्कू होती.

दुसरीत तो बेरजा चुकायचा.
मी त्याच्या करंगळीवर पेनाने टिंब काढायचे:
हा बघ, हातचा एक.
उत्तरात दिसत नाही, पण धरून ठेवायचा,
नाहीतर पुढचं घर चुकतं.

अंथरूण पाहून पाय पसरावे,
हेही मीच सांगितलं असणार.
कुणाचं अंथरूण, ते सांगायचं राहिलं.

म्हटलं, सही नाही.
चार लाख देते. उद्या जेलरोडच्या बँकेत जाऊ, एफडी मोडू.
उसने नाहीत, दिले.
परत मागणार नाही, दिवाळीत काढून दाखवणार नाही.
तुझ्या बहिणीचे तेवढेच बाजूला ठेवलेत,
तिला माहीत नाही, सांगू नकोस.
उरलेले माझे.
गुडघ्याचे, प्लंबरचे,
आणि अंथरुणाला खिळलेच
तर एखाद्या बाईच्या पगाराचे.

"म्हणजे तुझा विश्वास नाही माझ्यावर."

यावर मला उत्तर सुचलं नाही.
प्रेसमध्ये ज्यांच्यावर विश्वास होता
त्यांचीही रोज झडती व्हायची,
हे सुचलं ते रात्री दोन वाजता.
तोवर त्यांची गाडी कधीच गेली होती,
चहाचा डाग ओट्यावर सुकला होता.

सोळा दिवस फोन नाही.
पासबुक भरून आणलं. कुकरची रिंग बदलली.
दोनदा पेन हातात घेऊन बसले, खरं सांगते.
सही कुणाला येत नाही?

रविवारी आला. एकटाच.
चप्पल काढता काढता, माझ्याकडे न बघता,
"उपनगरला एक बघितलाय. जुनं बांधकाम.
एक खोली कमी. माझ्या एकट्याच्या पगारावर बसतोय,
चार लाख धरून."
मग नळाकडे बघत,
"लिफ्ट नाही. जिने जमतील तुला?"

मजला कितवा, मी विचारलं.

"तिसरा."

मी चहा टाकला.
साखर त्याने स्वतःच घेतली
आणि डब्याला झाकण लावायला विसरला.
मी लावलं.